सुपर न म्हणणारा माणूस

आमच्या पांढरकवड्यात चहाला ग्रेड देणारा एकच माणूस होऊन गेला, तो म्हणजे तुळशीराम वानखडे. कॅन्टीनवाल्यानं कप पुढं केला की हा एक घोट घ्यायचा, डोळे बारीक करायचा आणि सांगायचा, "फेअर." दूध पातळ असलं की "कवडी." कॅन्टीनवाला बिचारा आस लावून बसला होता, की हा कधीतरी "सुपर" म्हणेल. त्यानं आलं टाकून पाहिलं, विलायची टाकून पाहिली, एकदा तर म्हशीचं दूध खास याच्यासाठी वेगळं आटवलं. वानखडेनं घोट घेतला, डोळे मिटले. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. डोळे उघडून म्हणतो कसा, "चांगला झाला आहे गड्या. फेअर."

सरकारी कापूस खरेदी केंद्रावर तो ग्रेडर होता आणि मी काट्यावर. गाडी यार्डात आली की आधी तो कापसाची प्रत ठरवणार, मग मी वजन करणार. कागदावर ग्रेडी आणखी होत्या, पण यार्डातल्या माणसाच्या तोंडी तीनच. सुपर म्हणजे उत्तम, फेअर म्हणजे मधला, आणि कवडी म्हणजे डागी, किडका, पावसात भिजून काळवंडलेला. त्याला गावात कोणी वानखडे म्हणत नव्हतं. सगळे ग्रेडरच म्हणायचे. घरी कोणी विचारायला आलं तर त्याची बायको, आमच्या शांतावहिनी, दारातूनच सांगायच्या, "ग्रेडर घरी नाहीत." आणि तो मला आयुष्यभर "काटेवाले" म्हणाला. आमची घरं भिंतीला भिंत लागून, पण माझं नाव त्यानं कधी घेतल्याचं आठवत नाही.

त्याची ग्रेड करण्याची रीत बघण्यासारखी होती. तो गाडीच्या वरचा कापूस कधी घ्यायचा नाही. हात कोपरापर्यंत आत खुपसायचा आणि बुडातून मूठभर काढायचा. नाकाशी धरायचा. मग बोटांच्या चिमटीत हळूहळू धागा ओढायचा आणि त्या वेळी त्याचा चेहरा असा व्हायचा, की जसं कोणीतरी कानात काही सांगून राह्यलं आहे. मग हात वर करून, साऱ्या यार्डाला ऐकू जाईल अशी ग्रेड ओरडायचा. ओरडून सांगायचीच पद्धत होती, म्हणजे मागाहून कोणाला कुजबुज करायला जागा नको. एकदा ओरडला की संपलं. "बोलली ग्रेड बदलत नाही," हे त्याचं वाक्य. पुढारी येवोत, साहेबाचा फोन येवो, शेतकरी पाया पडो की आईमाईवरून शिव्या देवो, बोलली ग्रेड बदलत नाही. त्या काळात या खुर्चीवर बसून हात स्वच्छ ठेवणं काय असतं, ते मी पाहिलं आहे. म्हणून आजही कोणी त्याचं नाव काढलं की माझी छाती जरा पुढं येते, बाप्पा! उगाच नाही येत.

पण या माणसाला गाण्याचा जो नाद होता, तो ऐकून बाहेरचा माणूस हसेल. नाद कसला, तर ब्लूज रॉक! पांढरकवड्यात! इथं एकीकडे बँडबाजावाले, दुसरीकडे भजनी मंडळं, आणि जयंतीला भीमगीतांचे मुकाबले. त्यात तोही मांडीवर थाप मारत पहाटेपर्यंत बसायचाच. पण घरी आला की इंग्रजी गिटार.

हे वेड त्याला मुंबईत लागलं. नोकरीच्या सुरुवातीला ट्रेनिंगला गेला होता, तेव्हा खोलीवर गोव्याचा एक पोरगा होता. त्याच्याकडे कॅसेट. वानखडेला त्यातला एक शब्द कळला नाही. पण गाणारा एक ओळ म्हणतो, तीच पुन्हा म्हणतो, आणि मग तिसरीत गाठ मारतो, हे ऐकून तो उठून बसला. गोव्याच्या पोराला म्हणाला, "हे तं माही माय म्हणते!" त्याची माय लोकांच्या वावरात कापूस वेचायला जायची, आणि वेचणीच्या बाया अशाच ओळ दोनदा घोळवून म्हणतात. तेव्हा त्या पोरानं त्याला सांगितलं, की या गाण्याचं मूळ अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं. त्यांच्या वाडवडलांनी गोऱ्यांच्या शेतात कापूस वेचला. गिटारला वीज जोडून मोठा आवाज केला तो मागाहून.

"काटेवाले," मला हे सांगताना तो दर वेळी तितक्याच जोशात सांगायचा, "कापूस त्यायनं वेचला, पण कापूस त्यायचा नव्हता. गाणं तेवढं त्यायचं होतं. ते कोणाच्या बापाले नाही नेता आलं."

त्या दिवसापासून गाणं त्याच्यासाठी कापूसच झालं. ऐकताना त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं आपोआप चोळली जायची, चिमटीत धागा असल्यासारखी. आणि भाषाही तीच. गिटारचा एखादा सूर लांबच लांब ताणला गेला की, "धागा पाह्य, धागा!" नुसती आरडाओरड असली की, "सरकी जास्त, रुई कमी." आणि उगाच रडकं, भावनेनं चिंब गाणं लागलं की तोंड वाकडं करायचा. म्हणायचा, "ओला आहे. वजनासाठी पाणी मारलं बेट्यानं." मी काट्यावरचा माणूस, पाणी मारलेला कापूस मला पोत्यावरूनच कळायचा. त्यामुळं त्याचं म्हणणं मला बरोबर समजायचं. गाणं मात्र समजायला मला लय वर्षं लागली.

नवा अल्बम ऐकण्याची त्याची एक रीत होती. आधी कॅसेट, पुढं सीडी, वर्षातून एखादी नागपूरहून आणायचा, पण लगेच फोडायचा नाही. "सीझनमधी कान साफ नसते," म्हणायचा. "दिवसभर शिव्या आयकाच्या अन् त्याच कानानं नवं गाणं आयकाचं, हे बरं नाही." जेवणाच्या सुटीत कानात लावायचा त्या जुन्या, घासलेल्या कॅसेटी. नवी मात्र सीलबंद कपाटात, कापसाच्या नमुन्यांच्या पुड्यांशेजारी पडून राहायची, ती थेट उलंगवाडीपर्यंत. शेवटची वेचणी झाली, पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, उपटायला सुरुवात झाली की आमच्याकडे म्हणतात उलंगवाडी झाली. त्या सुमारास एका रविवारी तो सासऱ्यांच्या वावरात, केळापूरच्या रस्त्यावर, रोडग्याचं जेवण घालायचा.

रोडगे म्हणजे जाड दळलेल्या कणकेचे गोळे. गवऱ्यांचा जाळ करायचा, तो बसून लालभडक आर झाला की त्यात गोळे टाकायचे, उलथवायचे, वरून राख ओढायची. आपले आपण भाजत राहतात. मग राख झटकून फोडायचे आणि तूप ओतायचं. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. निंबाखाली गफ्फारभाईची मेटाडोर उभी करायची, दारं उघडी टाकायची. गफ्फारभाई यार्डातला भाड्याचा ड्रायव्हर, पण त्याच्या गाडीतले स्पीकर तालुक्यात नामी. कॅसेटची पहिली बाजू वाजेपर्यंत गवऱ्या बसायच्या. पलटी मारली की रोडगे आरात. दुसरी बाजू संपली की रोडगे बाहेर. विस्तवाला ग्रेडरशिवाय कोणी हात लावायचा नाही, हा नियम. ऐन गिटार रंगात आलेली असो, वेळ झाली की हा उठणार म्हणजे उठणार. मी एकदा म्हटलं, "अबे, गाणं तं होऊ दे." तर म्हणतो, "गाणं आपल्या जागी, रोडगा आपल्या जागी." त्याच्या हातचा रोडगा कधी जळला नाही. आणि इतक्या वर्षांत, इतक्या मोठमोठ्या विलायती लोकांच्या अल्बमला त्यानं कधी सुपर म्हटलं नाही. जेवायला बसलो की शेवटी सांगायचा, "फेअर."

आता ज्या वावरात हे चालायचं, त्या वावराची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. वावर सासऱ्यांचं. सोनबाजी त्यांचं नाव, वानखडे त्यांना मामाजी म्हणायचा. मोठा हौशी म्हातारा. एका वर्षी त्यांच्या कापसानं अशी काही साथ दिली, की गाडी यार्डात शिरली तेव्हा बाकीचे गाडीवाले उठून पाहायला आले. म्हातारा नवं धोतर नेसून, बैलांच्या शिंगांना रंग देऊन आला होता. जावई ग्रेडर, पण त्यानं जावयाला निरोपसुद्धा धाडला नव्हता. म्हणे, "माह्या कापसाले वशिला कायले पायजे?"

वानखडेनं हात कोपरापर्यंत घातला. बुडातला कापूस काढला, ओढला. जरा जास्तच वेळ ओढला. मग हात वर करून ओरडला, "फेअर!"

गाडीवाले एकमेकांकडं पाहायला लागले. मी काट्यावरून पाहत होतो, म्हातारा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता. बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभा होता. माल काट्यावर आला तेव्हा मी तो हातात घेतला होता. मी काही ग्रेडर नाही, पण इतकं मलाही कळत होतं. संध्याकाळी मी त्याला विचारलं, "काहून केलं असं?" तर म्हणाला, "घरचा माल होता. लोकं काय म्हणाले असते?" आणि वर तेच, "बोलली ग्रेड बदलत नाही." त्या दिवसापासून शांतावहिनींनी त्या गाडीचं नाव घरात काढलं नाही. सोनबाजी पुढं वारले, तरी नाही. रोडग्याला मात्र दर वर्षी त्याच वावरात यायच्या, भाजी रांधायच्या, आणि हसूनखेळून वाढायच्या.

मग ती वर्षं आली, कापसाची वाईट वर्षं. त्यांच्याबद्दल मी इथं जास्त सांगत नाही. दिल्लीमुंबईच्या गाड्या भरभरून लोक आले आणि लिहून गेले. मी एवढंच सांगतो, की यार्डातून गाड्यांची रांग निघायची ती हायवेपर्यंत जायची, गोदाम भरलं की खरेदी बंद व्हायची, आणि साऱ्या रागाला तोंड एकच सापडायचं, ते म्हणजे ग्रेडरचं. एका दुपारी तो खुर्चीवर जुनी कॅसेट कानात लावून डबा खात होता. आर्णीकडचा एक तरणा गाडीवाला समोर येऊन ओरडला, "इथं आमचा जीव जाऊन राह्यला, अन् साहेब कानात बोंडं खुपसून गाणे आयकून राह्यले!"

मला वाटलं, आता हातघाई होते. वानखडे उठला. डबा झाकला, वॉकमनमधून कॅसेट काढली आणि चालत गेला गफ्फारभाईच्या मेटाडोरपाशी. कॅसेट लावली, आवाज मोठा केला. एकच माणूस, एकच गिटार, अगदी सावकाश. गाडीवाले आधी हसले. मग हळूहळू गाड्यांच्या सावलीतली माणसं उठून जवळ येऊन बसली. गाणं संपलं तेव्हा एक पागोटेवाला म्हातारा म्हणाला, "हा बुवा रडून राह्यला का गाऊन राह्यला?"

"दोन्ही," वानखडे म्हणाला. "तो बी कापूसवालाच होय."

म्हाताऱ्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाला, "पुन्हा लाव बरं."

तो तरणा गाडीवालाही तिथंच चाकाला टेकून बसला होता. त्यानंतर खरेदी बंद असली की कोणीतरी येऊन विचारायचंच, "ग्रेडरसाहेब, ते दुःखाचं लावता का?" भाव काही वाढला नाही त्यानं. पण रांगेतली ती दुपार तरी माणसासारखी गेली, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

याच वर्षांत त्याच्या लेकीनं, प्रज्ञानं, घरात बॉम्ब टाकला. एकुलती एक पोट्टी. लहानपणी बापाच्या मांडीवर बसून याच कॅसेटी ऐकलेली. नागपूरला बी. कॉम. करायला धाडली, तर तिकडं गिटार शिकली आणि दोन पोरांसोबत बँड काढला. सुटीत घरी आली आणि म्हणाली, "आम्ही अल्बम काढतो. आपल्या बोलीतला. ब्लूज रॉक."

शांतावहिनींच्या हातातली परात खाली आली. "अन् बँकेची परीक्षा? गल्लीतल्या साऱ्या पोट्ट्या क्लास लावून राह्यल्या. इथं कापसाचं असं झालं, कोणाच्या घरात पगाराचा भरोसा नाही, अन् तू गिटार वाजवतं?"

त्यांचं काही चुकत नव्हतं. त्या वर्षांत घरात एक पक्का पगार म्हणजे काय होतं, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. आठवडाभर माझ्या भिंतीपलीकडे रोज कलकल. वानखडे कोणाच्याच बाजूनं बोलेना. शेवटी वहिनींनीच तोड काढली, आणि तोड अशी, की मी मनात म्हटलं, वाह वहिनी, तुम्ही वकील व्हायला पाहिजे होतं. त्या म्हणाल्या, "काढ तुहा अल्बम. तुह्या बाबानं आयकून सुपर म्हटलं तं जन्मभर वाजव, मी अडवत नाही. नाही म्हटलं, तं गिटार माळ्यावर अन् तू बँकेत."

आता सुपर कोण म्हणणार? ज्यानं चहाला कधी म्हटलं नाही तो! साऱ्या गल्लीला कळलं, की पोरीचा निकाल लागला. प्रज्ञा मात्र बापाकडं बघत म्हणाली, "चालते. दुसऱ्या कोणाचं म्यां मानलंच नसतं."

पुढच्या वर्षी, कापूस फुटायच्या सुमारास, सीडी आली. कव्हरवर पऱ्हाटीचं चित्र, नावही 'पऱ्हाटी'च. प्रज्ञानं ती बापाच्या हातात ठेवली. आणि या बाबानं काय करावं? सीलबंद तशीच कपाटात ठेवली, नमुन्यांच्या पुड्यांशेजारी. "उलंगवाडीले पाहू." अहो, स्वतःच्या लेकीचा अल्बम! पोट्टी नागपूरहून दर आठवड्याला फोन करायची, "आयकला काय?" आणि हा, "सीझन चालू आहे." वहिनी रोज ते कपाट पुसायच्या. मला तर वाटतं, त्या कपाटाला इतकं फडकं जन्मात कधी लागलं नसेल.

आली एकदाची उलंगवाडी. तोच रविवार, तेच वावर, तोच निंब. प्रज्ञा तिच्या बँडच्या दोन पोरांना घेऊन आली होती. पोरं घाबरून एका बाजूला बसली होती. गफ्फारभाईनं मेटाडोर धुऊन आणली होती. सीडी फोडण्याआधी मी वानखडेला जरा बाजूला घेतलं. म्हटलं, "आजच्या दिवस तरी बोलून टाक ना बाप्पा सुपर. तुह्या घरचं काय जाते?" त्यानं माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मी काट्यात वजन मारायला सांगितलं होतं.

पहिलं गाणं लागलं. गिटार अशी करकरीत निघाली, की मी वळून प्रज्ञाकडंच पाहिलं. ही आपलीच का? वानखडे विस्तवाजवळ पाटावर बसला होता. बोटं चोळली जात होती. गाणं संपलं, "फेअर." दुसरं झालं, "सरकी जास्त." प्रज्ञानं मान डोलावली, लिहून घेतल्यासारखी. तिसऱ्याला, "धागा लांब आहे. फेअर." वेळ झाली तसा तो उठला, रोडगे आरात टाकले, पुन्हा येऊन बसला. असं एकेक गाणं चाललं होतं. वहिनी भाजीच्या पातेल्यापाशी पाठमोऱ्या बसल्या होत्या, पण पळी केव्हाची थांबली होती.

मग शेवटचं गाणं लागलं. आधी नुसती गिटार, अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीची. आणि प्रज्ञाचा आवाज आला, तिच्या आजीसारखा, वेचणीच्या बाईसारखा, मोकळा आणि थोडा खरबरीत:

गाडी उभी यार्डात, बैल पाहे वाट,
गाडी उभी यार्डात, बाप्पा, बैल पाहे वाट,
जावयानं बोलली ग्रेड, आज्यानं फिरवली पाठ.

सोनबाजींची गाडी! साऱ्या गावाला माहीत, पण जिचं नाव त्या घरात कोणी काढत नव्हतं, ती गाडी पोरीनं त्याच वावरात, बापासमोर आणून उभी केली होती. मी वानखडेकडं बघितलं. त्याची बोटं थांबली होती. गाण्यात शिवी नव्हती, तक्रार नव्हती. नवं धोतर होतं, रंगवलेली शिंगं होती, बैलाच्या पाठीवरचा हात होता. आणि मधे तिनं गिटारचा एक सूर असा ताणला, की वाटलं आता तुटतो, पण तुटला नाही. गफ्फारभाई दाराला धरून उभाच राहिला. मला मागून करपल्याचा वास येत होता. पण विस्तवाला ग्रेडरशिवाय हात लावायचा नाही.

गाणं संपलं. गफ्फारभाई कसाबसा म्हणाला, "बेटी, क्या बजाया तूने." मग सगळ्यांच्या नजरा एका माणसाकडं.

वानखडेनं खाकरून घसा साफ केला. प्रज्ञाकडं न बघता म्हणाला, "एकूण धरून, फेअर."

बँडच्या पोरांनी माना खाली घातल्या. प्रज्ञा म्हणाली, "बरं बाबा. बोलली ग्रेड बदलत नाही. बसते मी परीक्षेले." आवाज तिनं कापू दिला नाही, बापाचीच लेक. मला मात्र त्या माणसाचा इतका राग कधी आला नव्हता.

वहिनी उठल्या. मला वाटलं, त्यांच्या मनासारखं झालं, आता वाढायला घेतील. त्या विस्तवापाशी गेल्या, काडीनं राख बाजूला केली आणि तिथंच थांबल्या. मग पदरात धरून एक रोडगा उचलला आणि आणून नवऱ्यासमोर ठेवला. कोळसा झाला होता. नुसता काळाठिक्कर.

"हे काय होय?" वहिनी म्हणाल्या.

वानखडे त्या रोडग्याकडं बघतच राहिला. "सीडीले पलटी नसते," तो पुटपुटला. "कॅसेटीले पलटी राहे, तं वेळ समजे."

"गेल्या साली बी सीडीच होती. त्याच्या आंधीच्या साली बी. तवा काहून नाही जळले?"

वानखडे विस्तवाकडं बघायला लागला.

"मी सांगतो काहून," वहिनी म्हणाल्या, आणि तो आवाज मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. "साऱ्या दुनियेचे गाणे आयकले तुमी, एक रोडगा जळू देला नाही. आज सारेच्या सारे जाळले, अन् तोंडानं म्हणता फेअर? माह्या बापाच्या वक्ताले बी असंच केलं. माह्या बापाचा कापूस सुपर होता. तुमाले बी मालूम होतं. घरचा म्हणून खाली ढकलला. परक्याले न्याय, अन् घरच्याले लोकं काय म्हणतीन? मले बँक पायजे, मी आत्ता बी म्हणतो बँकच पायजे. पण खोट्या ग्रेडीवर नाही पायजे."

इतकं बोलून त्यांना धाप लागली. मी तर म्हणेन, त्या घरातला खरा ग्रेडर त्या दिवशी बोलला.

वानखडेनं तो जळका रोडगा हातात घेतला, उलटापालटा केला. मग माझ्याकडं वळला. "काटेवाले, बोलली ग्रेड बदलते काय?"

मी म्हटलं, "यार्डात नाही बदलत. इथं कुठी यार्ड आहे?"

तो उठला. धोतरावरची राख झटकली. आणि हा माणूस, जो यार्डाबाहेर कधी आवाज चढवून बोलला नाही, त्यानं हात वर केला, तसाच, पुरा उंच, आणि रस्त्यावरच्या माणसाला ऐकू जाईल असा ओरडला, "सुपर!"

प्रज्ञा तोंडावर हात ठेवून खाली बसली. बँडची पोरं उड्या मारायला लागली, गफ्फारभाईनं मेटाडोरचा हॉर्न धरला तो सोडेचना. वानखडेचा हात मात्र वरच होता. हॉर्न थांबेपर्यंत तो तसाच उभा राहिला. मग वहिनींकडं बघत, ओरडून नाही, पण सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाला, "अन् मामाजीच्या गाडीले बी. सुपर."

वहिनींनी पदर डोळ्याला लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाल्या, "बसा आता. भाजी थंडी होऊन राह्यली."

प्रज्ञा आज गिटारच वाजवते. तिचे पुढचे अल्बम आले, लोक तिकीट काढून ऐकायला जातात, आणि मी भेटेल त्याला सांगत सुटतो, की ही आमच्या भिंतीपलीकडची पोट्टी. वानखडे त्यानंतर फार वर्षं राहिला नाही. त्याचं आजारपण, त्याची शेवटची भेट, ते सगळं मी पाहिलं, पण डोळ्यांसमोर तो येतो तो त्या रविवारचाच.

रोडग्यांची वरची काळी साल फोडून आतलं हाती लागेल तेवढं आम्ही काढून घेत होतो. सगळ्यात जळका होता तो त्यानं आपल्या ताटात ओढला. कोणाला देईना. तूप ओतलं, लेकीकडं एकदा पाहिलं आणि कराकरा चावून खायला लागला. ओठ काळे, मिशीला राख.

मी विचारलं, "ग्रेडर, रोडगा कसा आहे?"

"कवडी," तो म्हणाला, आणि दुसऱ्या रोडग्यासाठी ताट पुढं केलं.